बालीतलं तेंगानान: सेल्फीवाल्यांना तीन तारे, मागावर जीव असणाऱ्यांना पाच

आधीच सांगून टाकते, मी येवल्याची. माहेरी खड्डामाग होता, लहानपण धोट्याच्या आवाजात गेलं आणि आता नाशकात पैठण्यांचं छोटं दुकान चालवते. त्यामुळे हे परीक्षण कापडाकडे झुकलेलं असणार. बालीला जाऊन ज्यांना फक्त समुद्र, उंच झोका आणि पाण्यात तरंगणारी न्याहारी हवी आहे, त्यांना यातलं निम्मं कंटाळवाणं वाटेल.

बालीच्या प्रत्येक सहलीत ‘पारंपरिक खेडं’ असं एक कलम असतंच. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की गाडी चेलुकला चांदीच्या दुकानासमोर थांबते, मग मासला लाकडी मूर्तींच्या दुकानासमोर थांबते. दारात एक कारागीर दहा मिनिटं काम करून दाखवतो आणि पुढचा पाऊण तास आपण आतल्या काचेच्या कपाटांमध्ये अडकतो. आमच्या चालकानेही आधी तेच केलं. त्याला तिथून काहीतरी सुटत असणार, आणि मला त्यावर रागावण्याचा फारसा हक्क नाही. येवल्यात ठरावीक दुकानाशीच गाडी लावणारे चालक मी धंद्यात असल्यापासून बघते आहे. पण दुसऱ्या दुकानानंतर मी आमच्या ह्यांना म्हटलं, आता पुरे, तेंगानानला न्यायला सांगा.

तेंगानान पूर्व बालीत आहे, कारांगासेम जिल्ह्यात. समुद्रकाठच्या चांदीदासा गावावरून रस्ता आत डोंगराकडे वळतो, तिथून काही मिनिटांत पोचता. उबुदहून दीड-दोन तास धरा, कुता-सेमिन्याककडून त्याहून जास्त. पूर्ण नाव तेंगानान पग्रिंगसिंगान, कारण इथे ग्रिंगसिंग नावाचं कापड विणतात. गाडी वेशीबाहेर ठेवायची. आम्ही गेलो तेव्हा वेशीशी एक टेबल होतं, वहीत नाव लिहायचं आणि देणगी द्यायची. मग अरुंद दारातून आत.

आत गेल्यावर पहिल्यांदा ‘हे काय, इतकंच?’ असं वाटू शकतं. माझ्या नणंदेला वाटलं. समोर दगड-मातीचा रुंद रस्ता, टप्प्याटप्प्यांनी डोंगराकडे चढत गेलेला. दोन्हीकडे एकाला एक लागून घरं, मधोमध लांबच लांब उघड्या चावड्या, झावळ्या शाकारलेल्या. बांबूच्या टोपल्यांखाली कोंबडे ठेवलेले, त्यातल्या एकदोघांना चक्क गुलाबी रंग दिलेला (हे मला आवडलं नाही, फोटोवाल्यांना फार आवडतं). एक म्हैस रस्त्यावर निवांत. नाच नाही, ढोल नाही, हार घालून स्वागत नाही. कुणी ‘या, बसा, कार्यक्रम सुरू होतोय’ म्हणत नाही. गाव आपलं आपल्या कामात असतं, आणि तुम्ही विचारलंत तरच बोलतं.

म्हणून एक सल्ला: वेशीशी गावातलाच एखादा माहीतगार मुलगा सोबत घ्या. आम्हाला मिळालेला मुलगा कॉलेजात शिकणारा होता आणि त्याला गोष्ट सांगता येत होती. गाव कसं मिळालं याची गोष्ट त्याने अशी सांगितली. बेदाहुलूच्या राजाचा यज्ञाचा घोडा हरवला. घोड्याचं नाव ओंचेस्रावा. मी मध्येच थांबवून म्हटलं, ‘उच्चैःश्रवा?’ तर तो खूश. समुद्रमंथनातला तोच. तर शोधायला गेलेल्या लोकांना घोडा सापडला, पण मेलेला. राजा म्हणाला, या घोड्याचा वास जिथवर येईल तिथवरची जमीन तुमची. मोजायला राजाचा माणूस निघाला, बरोबर या लोकांचा म्होरक्या. चालून चालून थकले तरी वास काही संपेना. कारण म्होरक्याने सडक्या मांसाचा तुकडा स्वतःच्या कपड्यात लपवला होता! हे सांगताना मुलाच्या चेहऱ्यावर पूर्वजांच्या लबाडीचा जो अभिमान होता, तो बघायला मिळाला हेच माझ्या देणगीचं मोल. जमीन आजही बरीचशी गावाच्या सामायिक मालकीची आहे. १९३३ साली कोर्न नावाच्या डच अभ्यासकाने या गावाला ग्रामप्रजासत्ताक म्हटलं होतं, ते उगीच नाही.

हे लोक बाली आगा, म्हणजे जावातल्या माजापाहित राज्याची छाप पडण्याआधीपासूनच्या रीती सांभाळणारे. मुख्य दैवत इंद्र. आपल्या कीर्तनातला इंद्र बहुतेक वेळा आसन डळमळलं म्हणून घाबरलेला असतो, कुणाच्या तरी तपात विघ्न आणायला अप्सरा पाठवतो, आणि त्याचं देऊळ बांधायचं आपल्या मनातही येत नाही. इथे तो गावाचा मालक आहे. बालीत बहुतेक ठिकाणी दहन करतात, तेंगानानमध्ये मृताला पुरतात. हिंदू म्हणजे आपल्यासारखेच, असं धरून चालणाऱ्या आमच्या गटातल्या काकांचा इथे जरा गोंधळ उडाला.

आता कापड. यासाठी मी गेले होते.

इकत म्हणजे सूत विणायच्या आधीच गाठी बांधून रंगवायचं, हे आपल्याकडे पोचमपल्ली आणि संबळपुरीमुळे बऱ्याच जणींना ठाऊक असतं. साध्या इकतमध्ये फक्त ताणा (उभे धागे) किंवा फक्त बाणा (आडवे धागे) असा रंगवतात. दुहेरी इकतमध्ये दोन्ही रंगवायचे, आणि विणताना उभ्या धाग्यावरचा लाल ठिपका आडव्या धाग्यावरच्या लाल ठिपक्यावर बरोबर बसवायचा. एक सूतभर चुकलं की नक्षी फाटली. हे काम जगात फार थोड्या ठिकाणी होतं: भारतात, जपानमध्ये, आणि इंडोनेशियाच्या हजारो बेटांमध्ये याच एका गावात. आपल्याकडचं त्यातलं सगळ्यात मोठं नाव पाटणच्या पटोळ्याचं. हे पटोळं विणणारे साळवी मूळचे आपल्या जालन्याचे. गुजरातच्या कुमारपाल राजाने १२व्या शतकात तिथून ७०० कुटुंबं पाटणला नेली, असं तेच सांगतात. पुढे हीच पटोळी सुरतेहून जहाजांत भरून या बेटांवर येत होती, राजेलोक ती जपून ठेवत, डच कंपनी ती भेटीदाखल वाटत असे. ग्रिंगसिंगच्या काही नक्ष्यांवर पटोळ्याची छाप आहे असं अभ्यासक म्हणतात, आणि बघणाऱ्याला ते दिसतंही. म्हणजे येवला-जालन्याकडची बाई तेंगानानला जाते तेव्हा ती तशी फार परक्या घरी जात नसते.

आम्ही एका घरात शिरलो. पुढच्या पडवीत दुकान, मागे अंगण. साठीच्या एक इबू मागावर होत्या. इबू म्हणजे आई, वयाने मोठ्या बाईला तिथे असंच हाक मारतात. माग म्हणजे काय, तर पाठीला अडकवलेला लाकडी पट्टा. पाय सरळ पसरून जमिनीवर बसायचं, ताण्याचं एक टोक समोरच्या खांबाला, दुसरं आपल्याच कमरेला. ताण हवा तर मागे रेला, सैल हवा तर पुढे या. बाईचं अंगच मागाचा निम्मा भाग. मी मोबाइलवर माहेरच्या खड्डामागाचा फोटो दाखवला, तर त्यांनी फोटो मोठा करून विचारलं की पाय कुठे गेले. खड्ड्यात, म्हटल्यावर खूप हसल्या.

सुरुवातीला त्या दुकानदारिणीसारख्याच बोलत होत्या, लेकीच्या तोंडून भाव वगैरे. मी एक तुकडा हातात घेऊन सवयीने उलटा केला. पैठणी बघताना आम्ही आधी मागची बाजू बघतो, तसं. मग काठ डोळ्यांजवळ नेला, धागा वळतो तिथे. त्याबरोबर इबूंनी माझ्या हातातला तुकडा काढून घेतला, आत गेल्या आणि दुसरंच बासन घेऊन आल्या. पुढचा वेळ आम्ही एकमेकींची भाषा न येता जे बोललो, तसं मी गेल्या कित्येक वर्षांत कुठल्या घाऊक व्यापाऱ्याशीही बोललेले नाही.

रंगांचं असं. सूत हाताने कातलेलं, कापूस नुसा पेनिदा बेटावरून येतो. आधी ते कॅंडलनटच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात मुरवतात, ४२ दिवस. त्यानेच पिवळसर छटा येते. कॅंडलनट हे अक्रोडासारखं तेलकट फळ, तिथे त्याला केमिरी म्हणतात. मग गाठी बांधायच्या आणि निळीत बुडवायचं. पण निळीचं काम या गावात करायचं नाही, बंदी आहे. त्यासाठी सूत शेजारच्या बुगबुग गावात जातं. परत आल्यावर काही गाठी सोडून लाल रंग, तो आपल्याकडच्या ‘आल’ नावाच्या रंगाच्या झाडाच्या जातीतल्या झाडाच्या मुळांच्या सालीचा, तीही नुसा पेनिदाहून. लाल एकदा देऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यायचा आणि मध्ये सूत नुसतं टांगून ठेवायचं. निळीवर लाल चढला की काळपट जांभळा उतरतो. तेवढेच तीन रंग: कोरं पिवळट पांढरं, तांबूस लाल, काळपट. सगळं धरून एका कापडाला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, मोठ्या कापडाला त्याहून जास्त.

पाटणला साळवींकडे मी माग पाहिलेला आहे. तिथे रेशीम, माग एका बाजूला कललेला आणि दोन माणसं शेजारी बसून विणतात. इथे सूत, एकटी बाई आणि हातात टोकदार काडी. चार-सहा आडवे धागे टाकले की ताणा ढिला करायचा आणि त्या टोकाने एकेक धागा सरकवून नक्षी जुळवायची. कापड विरळ असतं. पैठणीची सवय असलेल्या हाताला ते पहिल्यांदा खादीच्या पंचासारखं लागतं, आणि माझ्या नणंदेने ते तसं बोलूनही दाखवलं. पण उजेडात धरा. लुबेंग नक्षीत मोठी चार टोकांची चांदणी असते आणि तिच्याभोवती विंचू. त्या चांदणीच्या कडा दोन्ही दिशांनी किंचित विस्कटलेल्या असतात, आणि त्या विस्कटण्यातच सगळं कसब दिसतं. साफ कापल्यासारखी कड दिसली तर समजा छापील आहे.

खरेदी करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. वेशीजवळच्या टपऱ्यांवर आणि काही घरांतही ग्रिंगसिंगसारखं दिसणारं पुष्कळ काही टांगलेलं असतं. त्यातलं काही छापील, काही साधं इकत, काही दुसऱ्या बेटांवरचं. वाईट नाही ते, पण ग्रिंगसिंग नाही. दशा बघा: सुटे सोडलेले ताण्याचे धागे जागोजागी रंग बदलतात का? मग काठ बघा: तिथे वळणारा आडवा धागाही रंग बदलतो का? दोन्हीकडे ‘हो’ आलं तरच दुहेरी. आडवा धागा एकाच रंगाचा असेल तर साधं इकत, आणि भाव त्या मानाने करा.

आणि खऱ्या ग्रिंगसिंगवर घासाघीस करायला जाऊ नका. इबूंनी शेल्यापेक्षाही अरुंद तुकड्याचा भाव ४० लाख रुपिया सांगितला. घाबरू नका, आपले साधारण २१-२२ हजार. मोठ्या कापडाचा भाव त्याच्या कित्येक पट होता. आमच्या गटातल्या एकाने लगेच निम्म्याला मागितलं. इबूंनी काही न बोलता घडी घातली. मला त्यांचं बरोबर वाटलं. कारण (आणि हे मला या गावाबद्दल सांगायची मुख्य गोष्ट आहे) त्यांना ते आपल्याला विकायची गरजच नाही. तेंगानानच्या लेकी-सुना हे कापड स्वतःच्या सणाला नेसतात. बालीतल्या इतर गावांतले लोकही दात कानशीने घासून सपाट करण्याच्या संस्काराला, लग्नाला, अंत्यविधीला ग्रिंगसिंग लागतं म्हणून इथे येतात. ते आजारपण आणि इडापिडा दूर ठेवतं अशी श्रद्धा आहे. ताणा गोल, सलग असतो, आणि तो न कापलेलं कापड विधीला अधिक पवित्र मानतात. म्हणजे गिऱ्हाइकांच्या रांगेत पहिला देव, मग गाव, मग बाकी बाली, आणि शेवटी कॅमेरा गळ्यात अडकवलेले आपण. पर्यटक यायचे थांबले तरी माग थांबणार नाही. येवल्यात आम्ही मात्र लग्नसराईकडे डोळे लावून बसतो, शिवाय पॉवरलूमच्या नकली पैठणीशी रोज झगडतो. मला त्या बाईचा हेवा वाटला, लपवत नाही.

हेव्याला दुसरी बाजूही आहे. इबूंच्या लेकीला मी विचारलं की बाहेरच्या मुलाशी लग्न केलंस तर? तिने सरळ सांगितलं, नियम गावातच लग्न करण्याचा आहे, बाहेर लग्न करणाऱ्याचे गावातले हक्क जातात, आणि पूर्वी अशांना पूर्वेच्या वेगळ्या आळीत राहावं लागे. आता थोडं सैल झालंय, असंही म्हणाली आणि विषय बदलला. मीही ताणलं नाही. पण ज्या नियमांनी हे कापड टिकवलं तेच नियम विशीतल्या मुलीच्या मानेवरही आहेत, हे ‘काय सुंदर परंपरा’ म्हणताना लक्षात असू द्यावं.

बाकी कलांबद्दल थोडक्यात. ताडपत्रावर सुरीच्या टोकाने रामायणातली चित्रं कोरणारे पुरुष बऱ्याच ओसऱ्यांवर बसलेले दिसतात. कोरून झालं की जाळलेल्या केमिरीची काजळी चोळतात आणि पुसतात, रेषा काळ्या उमटतात. तेच फळ कापडाला तेल देतं आणि पोथीला शाई. मी दीड लाख रुपियांत, म्हणजे आठशेच्या आसपास, एक छोटी पट्टी घेतली, पुष्पक विमानाची. पैसे वसूल. ‘आता’ नावाच्या वेलीच्या टोपल्या आणि पर्स मजबूत असतात, नारळाच्या काथ्याच्या धुरावर धरतात म्हणून त्यांना धुराचा वास येतो, तो घरी आल्यावरही बरेच दिवस जात नाही. कपाटात पैठणीशेजारी ठेवू नका.

लोक विचारतात, पेंगलिपुरान की तेंगानान? दोन्ही पाहिली आहेत म्हणून सांगते. पेंगलिपुरान बांगली जिल्ह्यात, उंचावर, थंड हवेत. एका चढत्या गल्लीच्या दोन्हीकडे एकसारखे दगडी दरवाजे, बांबूच्या चोयट्यांची छपरं, मागे बांबूचं मोठं बन. तिकीट काढून जायचं. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीत त्याला घेतलं. इतकं स्वच्छ की चप्पल काढून चालावंसं वाटतं. लहान मुलं, वयस्कर आईवडील बरोबर असतील तर तिथेच जा. सपाट नसलं तरी चालायला सोपं आहे, लोलोह चेमचेम नावाचं आंबटगोड हिरवं सरबत मिळतं आणि फोटो अप्रतिम येतात. तिथली एक गोष्ट मात्र फोटोत मावत नाही: दुसरी बायको करणाऱ्या पुरुषासाठी गावाच्या कडेला वेगळी जागा राखून ठेवलेली आहे, कारांग मेमादू. त्याने तिथे जाऊन राहायचं, गावच्या देवळात यायचं नाही. जागा रिकामीच असते म्हणे. आमच्या गटातल्या सगळ्या बायकांनी तिथे आपापल्या नवऱ्यांना उभं करून फोटो काढले. पण पेंगलिपुरानमध्ये घराघरांत विकायला ठेवलेला बराच माल बाहेरचा आहे आणि गल्लीत गावकऱ्यांपेक्षा पाहुणे जास्त. बघून झालं की झालं. तेंगानानमध्ये बसावं लागतं.

कधी जावं? जमलं तर साधारण जूनमध्ये, उसाबा साम्बाह उत्सवाच्या वेळी. तारीख गावाच्या स्वतःच्या पंचांगावर ठरते, म्हणून आधी चौकशी करूनच तिकिटं काढा. तेव्हा काटेरी केवड्याच्या पानांच्या जुड्या घेऊन उघड्या अंगाने पोरं एकमेकांशी लढतात, हातात वेताची ढाल. इंद्रासाठी रक्त सांडायचं, जिंकणं-हरणं नाही. नंतर ओरखड्यांवर हळद घातलेला झोंबरा लेप लावतात. लग्न न झालेल्या मुली ग्रिंगसिंग नेसून मोठ्या लाकडी पाळण्यात फिरतात. आम्ही गेलो तेव्हा यातलं काही नव्हतं, आमच्या माहीतगार मुलाच्या पाठीवरचे जुने वण तेवढे पाहायला मिळाले, तेही त्यानेच हौसेने दाखवले.

तक्रारी आहेतच. माहितीचे फलक नावाला. दुपारी रस्ता तापतो, सकाळीच जा. घरोघर पुढे दुकान असल्याने दहाव्या दारानंतर ‘या, बघा’ला कंटाळा येतो, दोनच घरं निवडा आणि तिथे निवांत बसा. शाकाहारी मंडळींनी जेवण चांदीदासात करावं: गाडोगाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या), तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), भाज्यांचा भात मिळतो. मात्र भाजी-चटणीत तेरासी नसल्याची खात्री करा, ती कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते आणि ‘नॉनव्हेज नाही ना?’ विचारल्यावर तिचा विचार कुणाच्या मनातही येत नाही. ‘तानपा तेरासी’ (तेरासीशिवाय) एवढे दोन शब्द पाठ करून जा. आणि रोख रुपिया आधीच काढून ठेवा. इबूंकडे कार्ड चालत नव्हतं, आमच्या ह्यांना तो अरुंद तुकडा घेण्यासाठी एटीएम शोधत परत चांदीदासापर्यंत जावं लागलं, आणि तोवर मी मागच्या अंगणात बसून काडीने धागे सरकवून पाहत होते. दोन बोटं नक्षी जुळवायला मला जो वेळ लागला, तेवढ्यात ते पैसे घेऊन आलेही.